वाट कुठं वळली ते बघा

(पावसाळ्याआधीच्या शिबिरात झालेलं बोलणं. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे. पाड्यावर ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं.)





काल दिवसभर आपण दाव्याचे फॉर्म कसे भरायचे ते शिकलो. आज सकाळी फॉर्म बाजूला ठेवू. आज एक साधी गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलताना आमची स्वतःची एक चूकही सांगायची आहे.

गोष्ट अशी. आपल्या भोवती रोज काही ना काही थोडं थोडं बदलतं. ते आपल्या डोळ्यांसमोर होतं, पण दिसत नाही. मोठं काही झालं की आपण धावतो. कोणी झोपडी मोडली, नांगर जप्त केला, माणूस पकडून नेला, तर रात्रीत चार पाडे गोळा होतात. पण बांध एक हात सरकला तर कोण धावतं? झऱ्याचं पाणी चार बोटं उतरलं तर कोण मोर्चा काढतो? आणि जमीन जास्त करून अशीच जाते. एका दिवसात जाते ती थोडी. हळूहळू जाते ती जास्त.

आता आमची चूक ऐका. पाड्याचं नाव सांगत नाही, पण पाडा आमचाच आहे. तिथं एका घराची डोंगराच्या उतारावर वरकस जमीन होती. नागली, वरई आणि तिसऱ्या वर्षी खुरासणी, असं आज्याच्या वेळेपासून चाललेलं. त्या जमिनीच्या वरच्या अंगाला रोपवन आलं. पहिल्या वर्षी सागाच्या रोपांची शेवटची ओळ ऐनाच्या मोठ्या झाडाच्या वर होती. दुसऱ्या पावसात काही रोपं मेली, म्हणून नवे खड्डे काढले. ते ऐनाला लागून आले. तिसऱ्या पावसात ओळ ऐनाच्या खाली बारा पावलं उतरली. चौथ्या वर्षी त्या ओळीच्या खालून चर खणला आणि कडेनं काट्यांचं कुंपण घातलं.

हे सगळं दिवसाउजेडी झालं. खड्डे खणायला मजुरीवर आपलेच लोक होते. आपण रोजगार मिळाला म्हणून खूश होतो. आम्ही संघटनेचे लोक त्याच वाटेनं सभेला जात होतो, येत होतो. जमीन कोणाची, जंगल कोणाचं, अशा घोषणा देत ऐनाखालून गेलो. पण ऐनाकडं बघितलं नाही.

मग कायदा आला. २००६ चा वनहक्क कायदा. १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले, गावात वनहक्क समिती बसली, आणि आम्ही दोरी घेऊन त्या घराची जमीन मोजायला गेलो. घरधनी म्हणाला, जमीन दोन एकर. मोजली तर दीड एकराच्याही आत भरली. दोनदा मोजली. तोही गोंधळला, आम्हीही गोंधळलो. त्याचा पोरगा म्हणाला, जमीन एवढीच आहे, मी लहानपणापासून एवढीच बघतोय.

तेव्हा त्याची म्हातारी आई बांधावर बसली होती. ती म्हणाली, "मी राबाचा भारा घेऊन यायची ना, तेव्हा ऐन माझ्या डाव्या हाताला लागायचा. आता ऐन लागतच नाय. तो पार वर राहतो. वाट वळली हाय."

आम्ही सगळे उठलो आणि वाट बघायला गेलो. खरंच, पायवाट सरळ वर जाता जाता एका ठिकाणी खाली वळसा घेत होती. कुंपण आलं, चर आला, म्हणून पाय खालून जायला लागले. रोज शंभर पाय तिथून वळत होते. पायांना कळलं होतं, डोळ्यांना कळलं नव्हतं. म्हातारीच्या मात्र ध्यानात राहिलं, कारण डोक्यावर भारा असला की झाड कुठं आहे ते बघूनच पाऊल टाकावं लागतं.

मग चराच्या पलीकडं, सागाच्या रोपांमध्ये, गवत बाजूला करून बघितलं. दगडांचा जुना बांध जागेवर होता. वर माती चढली होती, पण हातानं चाचपला तर एकावर एक रचलेले दगड लागत होते. आज्यानं घातलेला बांध तो. आम्ही त्याचा नकाशा काढला. ऐन दाखवला, जुना बांध दाखवला, नवा चर दाखवला. म्हातारीचा आणि शेजारच्या पाड्यातल्या एका म्हाताऱ्याचा जबाब लिहून घेतला. दावा गेला आहे. निकाल अजून यायचा आहे. पण तिसऱ्या वर्षी ओळ बारा पावलं उतरली तेव्हाच आम्ही बघितलं असतं आणि त्याच आठवड्यात अर्ज देऊन पोच घेतली असती, तर आज हे गवतात चाचपणं करावं लागलं नसतं.

ही झाली आमची चूक. आता ह्यात कायद्याचा संबंध काय, ते नीट ऐका.

कायदा म्हणतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन तुमच्या ताब्यात आहे, ती तुमच्या नावावर होईल. पण किती? प्रत्यक्ष ताब्यात आहे तेवढीच, आणि ती चार हेक्टरच्या वर नाही. म्हणजे जे पाऊल आपण गप्प राहून सोडलं, ते पुढं ताब्यात धरताना भांडण होणार. कायदा असंही म्हणतो की दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला ताब्यातून काढायचं नाही. पण काढलं हे सिद्ध कसं करणार, जर काढताना आपण बघितलंच नाही?

दुसरं, पुराव्याचं. पुष्कळ लोक म्हणतात, आपल्याकडं कागद नाही. दंडाची पावती उंदरानं खाल्ली, एकसालीचा कागद पुरात गेला. भिऊ नका. नियम १३ मध्ये कागदाशिवायचे पुरावेही लिहिले आहेत. घर, झोपडी, जमीन सपाट केलेली, बांध घातलेला, पाणी अडवलेलं, हा पुरावा आहे. विहीर, मसणवटा, देवाची जागा, हा पुरावा आहे. दावा करणारा सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हाही पुरावा आहे. मात्र एकावर भागत नाही, एकापेक्षा जास्त पुरावे बघितले जातात. आणि समितीनं जो नकाशा काढायचा, त्यात ओळखता येतील अशा खुणा दाखवायच्या, असं नियमातच आहे. ओळखीची खूण म्हणजे काय? म्हातारीचा ऐन! म्हणजे आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या ध्यानात जे आहे, तेच कायद्यानं मागितलं आहे.

सामूहिक हक्काचंही तसंच. गुरं कुठं चरायची, कंद कुठं काढायचो, मासे कुठं धरायचो, पाणी कुठलं प्यायचो, औषधाचा पाला कुठून आणायचो, पुजलेलं झाड कुठलं, ह्या सगळ्या जागा पुराव्यात धरल्या आहेत. पण जागा सांगायला ती माहीत पाहिजे. आणि माहीत असायला तिथं जाणं चालू पाहिजे.

आता कोणी म्हणेल, आम्ही तर जंगलातच राहतो, आम्हाला बघायला काय शिकवता? बरोबर आहे. आपल्या आज्या-आजींना शिकवावं लागत नव्हतं. पहिल्या सरीनंतर शेवळं कुठल्या करवंदीच्या जाळीखाली निघतात ते त्यांना ठाऊक. शेवळाला खाज असते, म्हणून सोबत काकडाची फळं घालायची, म्हणजे काकडाचं झाड कुठं आहे तेही ठाऊक. मुठे कधी बाहेर पडतात, मोह कुठला आधी गळतो, लाल मुंग्या अंडी घेऊन कधी निघतात, हे बघितल्याशिवाय पोट भरत नव्हतं. बघणं हे वेगळं काम नव्हतं, ते जगण्यातच होतं.

आज आपण वीटभट्टीवर जातो, भाताच्या कामाला वसईकडं जातो, रेती काढायला खाडीवर जातो. दिवाळीनंतर पाडे ओस पडतात, ते आखाजीला, नाहीतर पावसाच्या तोंडावर भरतात. सहा महिने आपण इथं नसतो. परत आल्यावर जे दिसतं तेच आधीपासून होतं असं वाटतं. आणि पोरांचं तर विचारू नका. ज्या पोरानं टेकडी उघडीच बघितली, त्याच्या मनात टेकडी म्हणजे उघडीच. त्याला काय हरवलं ते सांगायला दुसरा कोणी पाहिजे.

एक उदाहरण देतो, ते सगळ्यांना आठवेल. गिधाडं. पूर्वी ढोर मेलं की आभाळ काळं व्हायचं. दोन तासांत हाडं उरायची. आज ढोर मेलं तर कुत्री येतात आणि चार दिवस वास सुटतो. गिधाडं कधी गेली? कोणाला सांगता येईल का? कुठल्या वर्षी? नाही सांगता येणार, कारण एका दिवशी गेली नाहीत. आज दहा, पुढच्या वर्षी सात, मग तीन.

हे कसं कळलं माहीत आहे? राजस्थानात भरतपूरला केवलादेव म्हणून पक्ष्यांचं जंगल आहे. तिथं विभू प्रकाश नावाच्या अभ्यासकांनी १९८० नंतरच्या काळात गिधाडांची घरटी मोजून लिहून ठेवली होती. १९९० नंतर पुन्हा मोजली, तर पार कमी झालेली. जुना आकडा लिहिलेला होता, म्हणून कमी झालेलं दिसलं. नुसतं "पूर्वी खूप होती" एवढंच असतं तर कोणी ऐकलं नसतं. पुढं शोध लागला की गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक नावाचं औषध ह्याला कारण आहे. ते दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड बिघडतात आणि ते मरतं. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद केलं. तोवर देशातल्या शंभरातल्या नव्वदाहून जास्त गिधाडं गेली होती. एवढा मोठा पक्षी, तोही असा नकळत गेला. मग बारा पावलं जमीन नकळत गेली तर नवल काय?

तेव्हा बघायचं कसं, ते आता ठरवू. आम्ही काही पाड्यांवर गेल्या वर्षी करून बघितलं, त्यावरून सांगतो.

पहिलं, सगळं जंगल बघायला जाऊ नका. पाच जागा धरा. एक बांध, एक खात्याचा बुरूज किंवा खुणेचा दगड, एक पाणवठा, एक झाड आणि एक देवाची जागा, वाघदेव असेल, गावदेव असेल. ह्या पाच जागा प्रत्येक अमावास्येला बघायच्या. त्याच जागा, त्याच वाटेनं. रोज वेगळी जागा बघितली तर बदल कळत नाही.

दुसरं, आपल्या मापानं मोजा. टेप नसली तरी चालतं. ऐनापासून बुरूज किती पावलं, ते मोजा. पण दर खेपेला त्याच माणसाची पावलं पाहिजेत, नाहीतर उंच माणूस आणि बुटका माणूस ह्यांच्यात जमीन कमीजास्त होईल. झऱ्यात एक काठी उभी करा आणि पाणी लागेल तिथं सुरीनं खाच पाडा. पुढच्या अमावास्येला दुसरी खाच. काठी बोलते.

तिसरं, जो जातो त्याला विचारा. पाण्याचं बायांना विचारा. आमच्या सभेत पाण्यावर पुरुषच बोलायचे, आणि पुरुषांना एवढंच ठाऊक की घरात हंडा भरलेला असतो. झऱ्यावर आता दोन हंड्यांमध्ये किती वेळ बसावं लागतं, ते बायाच सांगतात. गवताचं गुराख्या पोराला विचारा. पूर्वीचं म्हाताऱ्यांना विचारा. ज्याला सभेत कोणी विचारत नाही, त्याच्याकडंच खबर असते.

चौथं, आणि हे फार महत्त्वाचं. बघितलेलं वेगळं आणि वाटलेलं वेगळं. ह्यातही आम्ही फसलो आहोत. एका पाड्याचा ओहोळ होळीपर्यंत वाहायचा, तो संक्रांतीलाच डबकं झाला. लगेच बोलणं झालं की वरच्या पाड्यानं इंजिन लावून पाणी ओढलं. दोन पाड्यांचं बोलणं बंद झालं, एका लग्नाला कोणी गेलं नाही. शेवटी दोन्हीकडची चार-चार माणसं मिळून ओहोळाच्या काठानं वर चालत गेली. इंजिन कुठंच नव्हतं. रस्त्याच्या ठेकेदारानं मुरूम काढला होता आणि उरलेली माती झऱ्याच्या तोंडावर ढकलली होती. दोन पाड्यांनी मिळून तीन दिवसांत माती उपसली. म्हणून वहीत लिहिताना "पाणी चार बोटं उतरलं" हे लिहायचं. "अमक्यानं चोरलं" हे चालत जाऊन बघेपर्यंत लिहायचं नाही.

पाचवं, वही. दोनशे पानी एक वही पाड्याची. तारीख, जागा, काय दिसलं, कोणी बघितलं. खाली दोघांची सही किंवा अंगठा. लिहायला शाळेत जाणारी पोरगी बसवा, म्हणजे तिला पण जागा कळतील. ग्रामसभेत दर खेपेला वही वाचा. बुरूज हलला, नवी रोपं बांधाच्या आत आली, दगडावर लाल रंगाचे आकडे पडले, गाडी घेऊन कोणी अनोळखी माणूस टेकडी दाखवत फिरला, असं काही असेल तर आठवड्याच्या आत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मूळ वही कोणाला द्यायची नाही, साहेबानं मागितली तरी नाही. नक्कल द्यायची.

सहावं, आपलं स्वतःचंही लिहायचं. हे कडू आहे, पण बोललं पाहिजे. जंगल फक्त दुसऱ्यानं तोडलं असं नाही. राबासाठी फांद्या छाटताना पूर्वी शेंडा राखायचे, आता काही जण शेंडाही घेतात. लाकडाचा व्यापारी रात्री टेंपो आणतो तेव्हा भरून देणारे हात आपल्या पोरांचेच असतात. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली आग लावतो, त्यात नवं रोप उगवत नाही. जुना मोह पडला तर त्याच्या जागी कोण आहे, मोजा एकदा. ह्याच कायद्याच्या कलम ५ नं जंगल, पाणी, जनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. अधिकार घेतला तर राखणही आपल्याच अंगावर आली. दुसऱ्याचा चर लिहायचा आणि आपली कुऱ्हाड लपवायची, अशी वही खोटी होईल. आणि खोटी वही पुरावा म्हणून टिकत नाही.

काही म्हणतील, हे सगळं करायला वेळ कुठं आहे? वेळ लागतच नाही. ज्या वाटेनं जायचं त्याच वाटेनं जायचं आहे. फक्त जाताना खाली मान घालून जायचं नाही. बायांनो, पाण्याला जाताना विचार करा, काल इथं काय होतं? पोरांनो, गुरं वळताना बघा, रानमोडी कुठपर्यंत आली? पुढच्या वर्षी तिथून वर गेली का? गवत गेलं की आधी गुराला कळतं, ते लांब जायला लागतं. गूर लांब का जातं, ते विचारा.

आणि कामाला बाहेर जाणाऱ्यांनो, तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी बांधावर एक फेरी मारा. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याला सोबत घ्या, खुणा दाखवा, वहीत लिहा. परत आल्यावर घरात शिरायच्या आधी तीच फेरी पुन्हा मारा.

त्या म्हातारीला आम्ही नंतर विचारलं, "आजी, ऐन वर राहिला हे तुला ठाऊक होतं, मग चार वर्षं बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मला कोणी इचारलंच नाय. मला वाटलं तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठाऊक असेल."

हे ऐकून आम्ही खाली बघितलं. तिला दिसत होतं, पण विचारणारा नव्हता. आम्ही बोलत होतो, पण बघत नव्हतो. पाड्यावर हे दोन्ही एकत्र आलं पाहिजे, म्हणून आजचं हे बोलणं.

आता जेवणाआधी एक काम करू. प्रत्येक पाड्याच्या लोकांनी गोल करून बसायचं आणि आपल्या पाच जागा ठरवायच्या. जमिनीवर काडीनं नकाशा काढायचा. म्हाताऱ्यांनी आधी सांगायचं, तरुणांनी आधी ऐकायचं. एकाच जागेबद्दल दोघांचं वेगवेगळं निघालं तर भांडू नका, उद्या जाऊन बघा. वह्या आम्ही आणल्या आहेत, प्रत्येक पाड्याला एक. पहिल्या पानावर आजची तारीख घाला.

पुढच्या सभेला येताना वही घेऊन या. कोरी आणली तरी या. पण मग पाच जागा खरंच बघितल्या होत्या का, ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल.

जोहार. जिंदाबाद!